पांढरे ठिपके, पिवळे ठिपके

माझ्या बायकोच्या मामांइतका मिशांचा पारखी दौंड तालुक्यात झाला नाही आणि होणारही नाही. मिशा माणसांच्या नव्हेत, झाडं पोखरणाऱ्या लांब मिशांच्या भुंग्यांच्या. रेल्वेतली नोकरी संपवून मामा राहू गावी शेतावर येऊन राहिले आणि तेव्हापासून त्यांच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी भुंगा मिळू लागला. तो कानाशी धरून त्याची कुरकुर ऐकायची, मामांच्या गळ्यातल्या भिंगातून त्याची पाठ बघायची, मगच कप हाती पडे. लग्नाच्या बोलणीला मी पहिल्यांदा गेलो, तर माझा पगार विचारायचं सोडून त्यांनी दोन मेलेले भुंगे पुढ्यात ठेवले. "वळखा. चुलतभाऊ हायेत." मला दोन्ही सारखेच काळपट दिसले. "मिशा अंगापरीस लांब त्यो नर. पन जात वळखायची ती पाठीच्या ठिपक्यांवरनं. पिवळं ठिपकं त्यो जित्ता आंबा पोखरतो. पांढरं ठिपकं त्यो वाळक्या उंबरावर जगतो. एक चोर, एक गरीब. गरिबाला मारायचं न्हाई." मी सपशेल नापास झालो, तरी मुलगी मिळाली.

एका लग्नात मांडवाच्या बांबूतून निघालेला एक पट्टेदार मिशाळ भुंगा नवरदेवाच्या फेट्यावर उतरला. मंगलाष्टकं चालू असतानाच मामा बोहल्यावर चढले, त्याला अलगद उचललं, भिंगातून न्याहाळलं आणि भटजींना म्हणाले, "चालू द्या, बांबूतलाच हाय." दुसऱ्या जातीचा निघाला असता तर जणू लग्नच मोडणार होतं. मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांच्याइतकं मामांना कुणीच सहन केलं नाही.

मामी गेल्या, आणि मागोमाग मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मुलगा दवाखान्याचं म्हणाला की "पिकू द्या अजून" म्हणून टाळायचे. गेल्या पावसाळ्यात बांधावरच्या आंब्याच्या खोडावर त्यांना एक भुंगा सापडला. हा आंबा मामींनी कोय लावून वाढवलेला, आणि त्याला लागूनच मुलाची केशरची नवी कलमं. मामांनी भिंग लावलं आणि निकाल दिला, "पिवळं ठिपकं." मुलगा म्हणाला, भोक शोधू, तार घालू, औषधाचा बोळा कोंबू. मामा ऐकेनात, कीड कलमांत जायच्या आत झाडच तोडायचं म्हणाले. "दुसऱ्यांची झाडं तोडाया लावली म्या. घरचं म्हनून सोडू व्हय?" झाड पडेपर्यंत ते पाठ फिरवून उभे राहिले.

खोड आतून घट्ट निघालं. भोक नाही, भुसा नाही. मामा खाली बसले आणि बुंध्यावरून हात फिरवत राहिले.

त्या रविवारी मी गेलो तेव्हा ते त्याच बुंध्यावर बसले होते. शेजारी जळणासाठी आणलेली उंबराची वाळकी लाकडं रचलेली होती. मामांनी तो भुंगा ठेवलेली डबी माझ्या हातात दिली.

"जावईबापू, उजेडात बगून सांगा. पांढरं का पिवळं?"

ठिपके चुन्यासारखे पांढरे होते. मोतीबिंदूच्या पडद्यातून पांढरंही पिवळट दिसतं, एवढंच झालं होतं. मला फार वाईट वाटलं.

"पिवळेच आहेत, मामा," मी म्हणालो.

त्यांनी डबी परत घेतली, झाकण लावलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचंबी डोळं दाखवाया पायजेत. दोघं मिळूनच जाऊ."