वरचे दोन दात

मुलीकडे परदेशात येऊन आठवडा झाला, तरी माझी झोप परळच्या भोईवाड्यातच राहिली होती. भर सकाळी मी उघड्या डोळ्यांनी पेंगत असे. तशाच अवस्थेत त्या दिवशी आम्ही नातीला घेऊन वस्तीतल्या हॉलमध्ये गेलो. तिथे महिन्यातून एकदा लहान मुलांचं वजन, उंची आणि दात तपासतात.

बाहेर धुकं होतं आणि आत दुधासारखा उजेड. हॉलभर मऊ गालिचा, त्यावर पाय पसरून बसलेल्या आया. एक नर्स वजनकाट्यावरच्या बाळाला हळू आवाजात गाणं म्हणून दाखवत होती. आमच्या परळच्या दवाखान्यात एक पोर रडलं की बाकीची लगेच सूर लावतात, आणि त्यांच्यावर वरताण शिपाई ओरडतो. इथली पोरंसुद्धा दबक्या आवाजात रडत होती. मला ते काही खरंच वाटेना. वाटे, गालिचा जरासा उचलला तर खाली आमच्या चाळीच्या गॅलरीतल्या फरश्या दिसतील, आणि टोकाला कठड्याला टेकून माझा मुलगा उभा असेल.

मुलगा आठवला की गुंगी उतरायची. मी इकडे आले आणि पाठोपाठ त्याच्या हृदयाच्या झडपेचं दुखणं निघालं. येत्या सोमवारी ऑपरेशन होतं. "तू येऊ नकोस, ताईला तुझी गरज आहे. इथे माझे मित्र आहेत," असं त्याने मला बजावलं होतं.

त्यातच नातीला पेज भरवताना चमचा टक्‌कन वाजला. बोट घालून पाहिलं तर दात वरचे. खालचे आधी यायला हवेत. वरचे आधी आले की मामाला जड, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी असलं काही मानत नाही. चाळीत यावरून तावातावाने भांडलेही आहे. पण हा मामा म्हणजे माझा पोटचा मुलगा. मी चांगलीच घाबरले. मुलीला कळू नये म्हणून नातीला भरवायचं, तिचं तोंड पुसायचं काम मी स्वतःकडे घेतलं. मुलगी मात्र सारखी पोरीच्या तोंडात चोखणी देत असे. इकडची फॅशन, असं म्हणून मी मनातल्या मनात नाक मुरडत होते.

आमची पाळी आली. दातांच्या तरुण डॉक्टरांनी चोखणी काढली, नातीचा ओठ अलगद वर केला आणि हसून म्हणाल्या, वरचे दोन छान आलेत, अभिनंदन!

मी गालिच्याकडे बघत राहिले. मान वर केली तर मुलगी माझ्याकडेच बघत होती. तिला जराही आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"हो. तुला कळलं असतं तर तू झोपली असतीस का आई? म्हणून तर ती चोखणी."

"अगं, मी तुझ्यापासून लपवत होते!"

आम्ही हसलो, आणि हसता हसता मुलगी रडायला लागली. डॉक्टर गोंधळल्या. काय झालं ते मी माझ्या बँकेतल्या इंग्रजीत त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. काही बाळांचा क्रम असा उलटा असतो, म्हणाल्या, आणि मामांना शुभेच्छा कळवायला सांगितलं.

बाहेरच्या बाकावर बसून आम्ही मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तो हॉस्पिटलच्या खाटेवर होता, मागच्या खिडकीत परळची रात्र. दातांचा विषय काढायचा नाही असं आमचं ठरलं होतं. पण मामा दिसताच नात तोंडभर हसली.

"लपवू नका गं, परवाच्या कॉलवरच दिसलेत मला," तो म्हणाला. "म्हटलं, तुम्ही दोघी उगाच टेन्शन घ्याल, म्हणून गप्प बसलो."

आम्ही पुन्हा हसलो. तो हसला नाही.

"आई," तो म्हणाला, "तू येतेस का गं?"

"येते रे," मी म्हणाले. शेजारी मुलीने नातीला माझ्या मांडीवर दिलं आणि स्वतःचा फोन काढून तिकीट बघू लागली.