दोन वाड्यांच्या सुनंदाताई

सुनंदाताईंना मी प्रथम पाहिले ते आमच्या गावच्या देवळातल्या सभेत. खरे तर सभेच्या बाहेरून. देवरूखपासून आत, डोंगरात आमचे गाव. वरच्या अंगाला आमची बौद्धवाडी, खाली कुणब्यांची मोठी वाडी. झऱ्याचे पाणी नळाने गावात आणायचे चालले होते. सिमेंट आणि पाइप गावचे मुंबईकर मंडळ देणार होते. काम लोकांनीच मिळून उभे करावे, यासाठी देवरूखच्या एका संस्थेतर्फे ताई आल्या होत्या. मी तेव्हा अंगणवाडी सेविका होते. आमच्या वाडीला निरोप नव्हता. पण गोष्ट पाण्याची, म्हणून आम्ही काही बायका देवळाच्या पायरीखाली येऊन उभ्या राहिलो.

ताईंनी विचारले, गावात वाड्या किती? दोन, असे उत्तर आले. मग दुसऱ्या वाडीचे कोण आले आहे? लोक पायरीखाली आमच्याकडे पाहू लागले. ताई उठल्या, चपला घातल्या आणि म्हणाल्या की सभा झऱ्यावर घेऊ, तिथे सगळ्यांना येता येईल. काहीजण कुरकुरत घरी गेले. बाकीचे त्यांच्या मागोमाग निघाले, आणि आम्हीही.

वाद टाकीच्या जागेचा होता. मंडळाला ती देवळाशेजारी हवी होती. तिथून पाणी आमच्या वाडीला चढले नसते. आमच्या वाडीच्या वर बांधली तर दोन्हीकडे पोचले असते, पण त्यासाठी कातळातून लांब चर खणावा लागणार होता. खालच्या वाडीतले जाणते तात्या एकदा म्हणाले, "ताई, तुमीच काय ता ठरवा. आमी नाय म्हननार नाय."

ताई हसल्या. "मी ठरवलं तर टाकी माझी होईल, तात्या. उद्या काही बिघडलं की मलाच हाक माराल."

शिमग्याला मुंबईकर गावी आले तेव्हा मोठी सभा भरली. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, वरच्या वाडीचे नंतर बघू. मी ताईंकडे पाहिले. त्या आमची बाजू मांडतील अशी माझी खात्री होती. पण त्या गप्प राहिल्या आणि नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला त्यांचा रागच आला. मग मीच उभी राहिले.

"आमच्या सासवा 'नंतर, नंतर' ऐकतच गेल्या," मी म्हणाले. "चर खणायला आमी पहिल्या येऊ. पण टाकी वर बांधा."

तेव्हा बायकांमधून तात्यांच्या पत्नी, काकी, म्हणाल्या, "हंडा तिच्या डोक्यावर पन तेवढाच जड. मी पन येते खनायला." त्यानंतर अध्यक्षांनीही ताणून धरले नाही.

चर खणताना ताई घमेले घेऊन आमच्या ओळीत असत. दुपारी कधी आमच्या घरी जेवत, कधी काकींकडे. पुढे मला मोठे आजारपण आले, नवरा मुंबईत. ताई आमच्याकडे येऊन राहिल्या, स्वतःच्या हाताने पेज करून घातली, आणि मी बरी होताच मला संस्थेच्या कामात ओढले.

एका पावसाळ्यात दरडीने पाइप वाहून गेला. आम्ही घाबरून ताईंना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग तुम्ही काय ठरवलंत?" आम्ही काहीच ठरवले नव्हते. फोन ठेवल्यावर दोन्ही वाड्या जमल्या, आणि नळाला पाणी आल्यावरच त्यांना पुन्हा कळवले.

आज मी इतर गावांत बैठका घेते. समोरची बाई अडखळली की तिचे वाक्य आपणच पुरे करावे असे वाटते. तेव्हा मला ताईंचे ते गप्प राहणे आठवते, आणि मी थांबते. त्या दिवशी त्या माझ्या वतीने बोलल्या असत्या, तर मला माझा आवाज सापडला नसता. हे ऋण मी आनंदाने बाळगते.

ताईंना आता डोंगर चढवत नाही, तरी येण्याचा हट्ट सुटत नाही. त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो, त्यांना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. त्यांच्या पंचाहत्तरीचे जेवण कुठे करावे असे विचारले, तर म्हणाल्या, गावाला विचारा. गावाने ठरवले आहे: ताईंना गाडीने वर आणायचे आणि दोन्ही वाड्यांनी मिळून रांधायचे. आमच्या गावात असे पूर्वी कधी झाले नव्हते. तात्या आज नाहीत. पण काकींचा निरोप आला आहे, भाताचे आधण वरच्या वाडीने ठेवावे.