दहा पेशंटांची चाचणी

"अहो साहेब, दहा पेशंटांवर तिन्ही सारखेच पळणार! खऱ्या रांगेत हजार असतात!"

"मॅडम, चाचणी तुमचीच ना? मग आता रडगाणं कशाला?"

लेकीचं आणि तिच्या साहेबांचं फोनवरचं हे भांडण मी दाराआडून ऐकलं, त्याला दोन वर्षं झाली. थोरली, म्हणजे माझी लेक, त्या दिवशी घरूनच काम करत होती. इस्पितळाच्या औषधखिडकीवरचा प्रोग्रॅम तिनंच बांधलेला, अठरा वर्षांपूर्वी.

मी चौथी नापास. तिनं मला भाजी निवडता निवडता समजावलं. प्रोग्रॅम एक भाषा बोलतो, माहितीचं कोठार दुसरी. मधल्या दुभाष्याला ओआरएम म्हणतात. आजवर थोरली स्वतःच कोठाराशी बोलायची, हातानं लिहून. साहेबांना दुभाष्या हवा होता, म्हणून तिनं तिघांना महिना महिना राबवून पाहिलं.

"पहिला गोड बोलतो गं आई, पण आळशी. शंभर पेशंटांची यादी आणतो, मग एकेकाच्या गोळ्यांसाठी पुन्हा एकेक फेरी. दुसरा हावरट, न मागितलेलंही उचलून आणतो. तिसरा रुक्ष, पण सांगितलं तेवढंच आणतो."

"मग तिसऱ्याशीच लग्न लाव!"

हसली. नंतर तशी हसलेली मला आठवत नाही.

चूक तिचीच. खऱ्या आजाऱ्यांची नावं उघडी पडू नयेत म्हणून तिनं चाचणीला दहा खोटे पेशंट बनवले. दहांच्या अकरा फेऱ्या, कोणाला जाणवणार? साहेबांनी गोडबोल्या निवडला, नवी पोरं तो पटकन शिकतात म्हणून. हजारांची चाचणी करते म्हणाली, तर मुदत संपलेली. पुढे हातानं लिहिणारीही नको झाली.

तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी इस्पितळातच होते, तपासणीला. आठवडाभरापूर्वी नवा प्रोग्रॅम लागलेला. रांग जिन्यापर्यंत. काचेआडचा औषधवाला तिला पाहून उठलाच.

"ताई, पडद्यावर हे चाक नुसतं गरगरतंय. तुम्हीच बघा ना!"

"माझं कार्ड आत्ताच जमा केलं, दादा."

आणि ती माझ्या गोळ्यांसाठी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पुढे एक म्हातारा भिंतीला टेकून खाली बसला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, मान वर केलीच नाही. दीड तास.

घरी आल्यावर तिनं दर महिन्यासारखी कात्री घेतली. गोळ्यांच्या पट्ट्या कापून सकाळच्या लाल डबीत टाकल्या, रात्रीच्या पांढरीत. मोजून पाहिल्या. बरोबर होत्या.