मोला

गुरम्मा वळसंगची. घरात कानडी, बाहेर मराठी. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत ती ससे सांभाळायची. नवरा कधीच गेला, लेक लग्न होऊन विजापूरला. घरी बोलायला नुसत्या भिंती. म्हणून सगळं बोलणं सशांशी, तेही कानडीत. कानडीत सशाला मोला म्हणतात. ससा हा शब्द तिच्या तोंडी यायचाच नाही.

त्या सशांना रेश्मा मॅडम एका प्रोटीनची इंजेक्शनं द्यायच्या. मॅडम माढ्याच्या, कानडीचा गंध नाही. पण स्वभाव चांगला. गुरम्मानं विचारलं तेव्हा त्यांनी हौसेनं समजावलं होतं. माणसाच्या जनुकांत काही तुकडे फार जुन्या काळी शिरलेत, जागा बदलत फिरणारे. भाडेकरू म्हणून आले आणि घरचेच होऊन बसले म्हणा. त्यातल्याच एकापासून हे प्रोटीन बनतं, काही कॅन्सरच्या गाठींत ते जास्त दिसतं. सशाचं अंग त्याला परकं समजतं आणि त्याला धरून ठेवणारी अँटिबॉडी रक्तात तयार करतं. ती काढून बाटलीत भरली की संशोधकांना ते प्रोटीन हुडकता येतं.

बाकीच्या सशांची अँटिबॉडी भलत्यालाच चिकटायची. एका कान दुमडलेल्या मोलाची मात्र नेमकं तेवढंच धरायची. नशिबाचा खोडसाळपणा बघा! चांगलं निघालं म्हणूनच त्याचं सगळं रक्त काढायचं ठरलं. सगळं म्हणजे सगळं. भूल द्यायची, आणि मग तो उठायचा नाही.

गुरम्माला हे कळलं. हा मोला तिच्या हातचा लसूणघास खाताना तिच्याच मनगटावर पाय टेकून उभा राहायचा. तिला तो घरी न्यायचा होता. कसाबसा धीर गोळा करून ती मॅडमच्या दारात गेली, मान खाली घालून.

"मॅडम, मोला मला द्या की. इतके दिवस मीच सांबाळलंय."

रेश्मा मॅडम ओशाळल्या. बाई मरमर राबते, पगार तुटपुंजा, आणि आपलं कधी लक्षच गेलं नाही. त्या म्हणाल्या, "देते की. एवढं काम संपू दे."

गुरम्मा हरखली. थोडंसं रक्त घेऊन सोडतील, असं ती धरून चालली. माणूस हवं तेच ऐकतो, दुसरं काय! शेजारच्या बसम्माकडून तिनं जुनी टोपली मागून आणली, आत पोतं अंथरलं आणि रक्त काढायच्या दिवशी टोपली घेऊनच कामावर आली.

दुपारी मॅडमनी बोलावलं. अँटिबॉडी भरपूर निघाली होती, मॅडम खुशीत होत्या. त्यांनी तिच्या हातात एक पाकीट ठेवलं.

"हे तुमचं मोल. मागितलंत ते बरं केलंत."

गुरम्मानं पाकीट टेबलावर ठेवलं. "मोला कुटं हाय?"

मॅडमना कळेना. मग गुरम्मानं दोन बोटं डोक्याला लावून कान करून दाखवले, आणि मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. ससा म्हटलं असतंत तर प्राण्यांचं बघणाऱ्या कमिटीला विचारलं असतं, त्या पुटपुटल्या, थोड्या रक्तातही भागलं असतं. हे तरी सांगायला नको होतं त्यांनी.

पाकीट टेबलावरच राहिलं. टोपली रिकामी परत गेली.

गुरम्मा अजून तिथंच कामाला आहे. नवे ससे आलेत. ती अजूनही त्यांच्याशी कानडीतच बोलते. पण मॅडम आत आल्या की पिंजऱ्याला हात लावून एक शब्द मराठीत म्हणते, सावकाश, स्पष्ट. ससा.