हातात दिलेली टीप

वटार गावची चंद्रकांता राजोडीच्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये पाहुण्यांना वाढायचं काम करायची. घरामागे केळी-पानवेलीची वाडी होती, ती नवरा बाबू सांभाळायचा. पण वाडीवर घर चालेना, म्हणून मुलगी कॉलेजात गेल्यावर चंद्रकांताने ही नोकरी धरली. हळूहळू तिला ती आवडायला लागली. कोणाला तिखट चालत नाही, कोण बिनसाखरेचा चहा घेतं, हे तिला पाहुण्याला दुसऱ्यांदा विचारावं लागत नसे.

थंडीत दादरहून मीरा नावाची बाई लहान मुलाला घेऊन राहायला आली आणि आल्या आल्या मुलाला ताप भरला. चंद्रकांताने आचारी व्हिन्सेंटकडून तांदळाची पेज करून घेतली. मुलगा तोंड उघडेना, तेव्हा शेजारी बसून गप्पा मारत तिनेच ती भरवली. निघताना मीराने तिच्या हातात काही नोटा ठेवल्या.

"नको हो," चंद्रकांता म्हणाली.

"बिल मी वेगळं भरलंय. हे तुमचे आहेत," असं म्हणून मीराने तिची मूठ मिटली.

त्या दिवशी संध्याकाळी नवीन मॅनेजर पियुषने तिला ऑफिसात बोलावलं. दार उघडंच होतं, बाहेर बाकीचे वेटर उभे होते.

"कॅमेऱ्यात दिसलंय. पाहुण्यांकडून पैसे घेऊन खिशात टाकलेत."

"टीप होती, साहेब. त्यांनी स्वतः दिली."

"टीप काउंटरवर जमा करायची. ठेवून घेतली तर ती चोरी. उद्यापासून येऊ नका."

"जमा करायची असं मला कोणी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. पण तो फोनवर बोलायला लागला होता.

नोकरी गेल्याचं तिने सोसलं असतं. चोरी हा शब्द मात्र तिला जेवू देईना. घरी येऊन तिने बाबूला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "तू चोरी करणार नाहीस, हे मला सांगायची गरज नाही. पण लोकांचं काय करायचं?" लोकांचंच अवघड होतं. रिसॉर्टमध्ये गावातली आणखीही माणसं होती. बसस्टॉपवर बायका बोलता बोलता थांबल्या, तरी आपल्याबद्दलच बोलणं चाललं होतं असं तिला वाटे. तिने हळदीकुंकवाला जायचं टाळलं. भाजी आणायला ती मुलीला पाठवू लागली.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर व्हिन्सेंट तिच्या अंगणात येऊन बसला.

"कामगार कार्यालयात तक्रार करता येते, ताई. मी विचारून आलोय. साक्षीला मी येतो."

"तुझीही नोकरी जाईल."

"पेज मी केली होती. काय झालं ते मला माहीत आहे, तर गप्प कसा बसू?"

बाबू वाडीतून हात धुऊन आला आणि म्हणाला, "उद्याच जाऊ. मी पण येतो."

कामगार अधिकारी क्षितिजा मॅडम वयाने लहान होत्या, पण त्यांनी घाई न करता सगळं ऐकून घेतलं. मग रिसॉर्टच्या मालकाला, हर्षवर्धनला, मॅनेजरसह बोलावून घेतलं. त्या दिवशी चंद्रकांता पदराचं टोक मुठीत धरून बसली होती.

"टीप जमा करायचा नियम यांना कधी सांगितलात?" मॅडमनी पियुषला विचारलं.

"सगळ्यांना माहीत असतं, मॅडम."

"सांगितलात का?"

पियुषने मालकाकडे पाहिलं.

"पाहुण्याने खुशीने एखाद्याच्या हातात दिलेले पैसे त्या माणसाचे. त्यात हॉटेलचं काय गेलं? आणि चोरीचा आळ घेता, तर त्यांचं म्हणणं ऐकून घेतलंत? चौकशी न करता कामावरून काढता येत नाही. निकाल देणं माझ्या हातात नाही, मी समेट घडवायला बसले आहे. पण हे प्रकरण कोर्टात गेलं, तर तिथे तुम्हाला हेच विचारतील."

हर्षवर्धनने फोन काढला. "पाहुण्यांनाच विचारू," असं म्हणून त्याने तिथूनच मीराला फोन लावला, आवाज मोठा केला आणि त्या पैशांबद्दल विचारलं.

"मीच दिले," पलीकडून मीरा म्हणाली. "त्या घेतच नव्हत्या. का, काय झालं? त्यांना काही त्रास झाला का?"

चंद्रकांताच्या हातातला पदर सुटला. इतके दिवस न आलेलं रडू आता आलं. बाबूने पाण्याची बाटली पुढे केली.

"माझ्याकडून चूक झाली, ताई," हर्षवर्धन म्हणाला. "मॅनेजरने सांगितलं आणि मी विचारलं नाही. तुम्ही परत या. मधल्या दिवसांचा पगारही मिळेल."

"येईन," ती डोळे पुसत म्हणाली. "पण मला सगळ्यांसमोर काढलंत. चोरी केली नाही, हेही सगळ्यांसमोर सांगा."

दुसऱ्या दिवशी नाश्त्याची गडबड सरल्यावर त्याने सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि तसं सांगितलं. हातात मिळालेली टीप ज्याची त्याची, हेही सांगितलं. पियुष मान खाली घालून उभा होता. नंतर तो एकटाच तिच्याकडे येऊन "सॉरी, ताई" म्हणाला. तिने मान डोलावली. त्याहून जास्त काही तिला त्या दिवशी जमलं नाही.

काम संपल्यावर बाबू स्कूटर घेऊन आला. वाटेत ती सारखी बोलत होती, कोण काय म्हणालं, कोणी येऊन हात धरला, व्हिन्सेंटने कसा सगळ्यांना चहा पाजला. सुरूच्या बनातून वारं इतकं जोरात येत होतं, की बाबूला त्यातलं निम्मंही ऐकू आलं नाही. तो नुसता "हो, हो" म्हणत राहिला आणि स्कूटर मुद्दाम सावकाश चालवत राहिला.