गोळीवरचं हसू

शिरूरच्या निवडफेरीत मोनालीला काढून टाकलं आणि तिच्या धाकट्या जावेला, राजनंदिनीला, दौंडच्या अंतिम फेरीत घेतलं. हे मोनालीला पचेल कसं? ती लग्न होऊन आली तेव्हा आळीतल्या बायका घरात मीठ असून मीठ मागायला यायच्या, तिला बघायला. आणि राजनंदिनी? औषधांनी तोंड सुजलेलं, एक पापणी कायम झोपेला आलेली. स्पर्धेचं नाव इकडच्या दोन नद्यांवरून, 'मिसेस घोड-भीमा'. परीक्षकांचे डोळे तपासायला हवेत, असं मोनाली आठवडाभर भांड्यांशी बोलत होती.

राजनंदिनीच्या आजाराचं नाव मायस्थेनिया. हजारोंत एखाद्याला होणारा. मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत धड पोचत नाही. वापराल तसा स्नायू थकत जातो. सकाळी ठणठणीत दिसणारी बाई संध्याकाळी घास चावताना जबडा हाताने धरते. घरात हे कुणाला आधी कळलंच नाही. सासूबाई, गिताबाई, म्हणायच्या, "भाकरी थापायची येळ आली की हिचं हात गळत्यात. बरं जमतंय!" मोनालीही त्यांच्या सुरात सूर मिसळायची. राजनंदिनीचा नवरा महेंद्र रांजणगावला कंपनीत. पाळ्या बदलून घेत तो तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे, मग देवऋषाकडे आणि शेवटी पुण्याला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. नाव कळलं आणि घरातलं वारंच फिरलं. दूध आधी तिला, पंख्याखालची खाट तिला, दळण मोनालीला. आजारी माणसाचा हेवा करू नये हे मोनालीला ठाऊक होतं. पण ठाऊक असून काय उपयोग?

राजनंदिनी दोन वर्षं लग्नकार्यात काळा गॉगल लावून बसली. मग एक दिवस म्हणाली, "झाकून झाकून कंटाळा आला, ताई. एकदा समद्यांनी मिळून बघून घ्या." आणि स्पर्धेत नाव दिलं. म्हणून तर मोनालीनेही दिलं! शिरूरच्या फेरीत राजनंदिनीने आजार नावानिशी सांगितला. दुसऱ्या दिवशी न्हावऱ्याहून एक बाई मुलीला घेऊन दारात. पोरगी वर्गात पेंगते म्हणून रोज मार खायची. राजनंदिनीने तिला आपल्या डॉक्टरकडे धाडलं. आजार तोच निघाला. तेव्हापासून राजनंदिनी ताठ चालायला लागली. पोरीचं भलं झालं, मान्य. पण लोक आता मोनालीला 'राजनंदिनीची जाऊ' म्हणू लागले, त्याचं काय?

"तू जा तिच्यासंगं दौंडला," गिताबाईंनी फर्मावलं. "आन् तोंड सरळ ठेव."

राजनंदिनीने तिथे एकच चूक केली. निमंत्रणपत्रिकेवरच्या वेळेवर विश्वास ठेवला. त्या वेळेच्या हिशेबाने स्नायूंना तात्पुरती ताकद देणारी गोळी घेतली. गोळी अर्ध्या तासात चढते आणि तीन-चार तासांत उतरते. आपल्याकडे कार्यक्रम पाहुणे आल्यावर सुरू होतो आणि पाहुणे मनाला येईल तेव्हा येतात. ते आले. मग सत्कार. याला शाल, त्याला नारळ, तिसऱ्याला फेटा. स्पर्धक बायका नऊवारी नेसून स्टेजवर खुर्च्यांत, शोभेच्या कुंड्यांसारख्या. राजनंदिनी शेवटच्या खुर्चीत. जादा गोळी मोनालीच्या पर्समध्ये.

पापणी खाली आली. ओठाचा एक कोपरा हसायचा, दुसरा नाही. राजनंदिनीने खाली बसलेल्या मोनालीकडे बघत हात वर केला.

मोनालीला तो दिसला. तिने मान वळवून भाषण ऐकायला घेतलं. बघू देत लोकांना. दूध पिणारीचा थाट बघू देत.

शेजारी दागिन्यांनी मढलेली एक दौंडकरीण बसली होती. ती कोपराने ढोसून म्हणाली, "ती कडंची बघा की! झिंगलीय चांगली. थोडी घेऊन आलेली दिसती."

"जीभ आवर!" मोनाली उसळली. "आमच्या घरची हाय ती!"

आणि उठली. स्टेजच्या मागच्या पायऱ्या चढून तिने गोळी जावेच्या तोंडात घातली, बाटली धरून पाणी पाजलं. पण आता गोळी चढेपर्यंत अर्धा तास आणायचा कुठून? सत्कार संपत आले होते.

मोनालीचं माहेर भांडगावचं. दुसऱ्या रांगेत भांडगावच्या सोसायटीचे माजी चेअरमन पोपटराव बसलेले तिने मघाशीच पाहिले होते. हे गृहस्थ लग्नात शुभेच्छा द्यायला उभे राहिले की लोकांच्या मुठीत अक्षता भिजायच्या.

ती निवेदकाच्या कानाला लागली. "दादा, पोपटआबांचं नाव राहिलं. लई तापल्यात. उठून जायच्या बेतात हायेत."

निवेदकाचा चेहराच उतरला. नाव राहणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या मंडपाची वर्गणी गेली! "आणि आता, ज्यांच्याशिवाय हा सोहळा अपूर्ण आहे..." पोपटराव आधी 'नको नको' म्हणाले, शाल घेतली, माईक घेतला, आणि मग सोडला नाही. चाळीतल्या कांद्यापासून दिल्लीपर्यंत गेले आणि चालतच परत आले.

ते बसले तेव्हा राजनंदिनीची पापणी वर आली होती. ती माईकपाशी गेली.

"हे हसू गोळीवरचं हाय," ती म्हणाली. "मघाशी उतरलं होतं, तुम्ही पाह्यलं. पडलेली पापणी म्हंजी आळस न्हाई, नशा न्हाई. घरात अशी कुणी असंल तर आधी डॉक्टरकडं न्या. नावं काय, मागनं ठेवता येत्यात."

लोक हसले, मग टाळ्या. मुकुट दौंडच्या एका स्पर्धकाला मिळाला, राजनंदिनी दुसरी. पण बायकांची रांग लागली ती दुसरीपुढे. कुणाची बहीण, कुणाची सून. सगळ्यांना तिचा नंबर हवा. मोनाली तिची शाल, नारळ, चपला सांभाळत बाजूला उभी. तिला कुणी नावसुद्धा विचारलं नाही.

परतीच्या जीपमध्ये राजनंदिनी म्हणाली, "ताई, मी हात केलेला दिसला व्हता ना तुम्हाला?"

"दिसला व्हता."

"मग आधी का न्हाई आला?"

"न्हाई आले." मोनालीने काच खाली केली. "ती बया म्हणाली तू पिऊन आलीस. ते न्हाई सोसलं."

"आन् मी तिथंच कोसळले असते तर?"

मोनालीने थोडा विचार केला. "ते सोसलं असतं," ती म्हणाली.