मिरचीच्या देठांचा धूर

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं — आईला नाही, बायकोला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. परवा तिला सांगून आलो, म्हणून आता तुमच्यासमोर बोलायची हिंमत होतेय. पण सुरुवात कुठून करू? आगीपासून केली तर तुम्ही लगेच मला ओळखाल. थोडं मागून सांगतो. हाही पळपुटेपणाच, मला कळतं.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वडील शहाद्याकडे साखर कारखान्यात हंगामी कामगार. आई पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, देठ खुडायला जायची. तिची बोटं इतकी जळजळायची की हंगामात आमच्यासाठी भाकरी वडीलच कुस्करायचे. त्या घरातला मी बीएस्सी झालो आणि पालिकेत कंत्राटी समन्वयक लागलो. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू?

आमची पालिका छोटी. हवामान बदलाच्या अभियानात तिला आपलं कर्ब उत्सर्जन कमी करायचं होतं. पाणीपुरवठ्याच्या पंपांना सौर पॅनेल बसली, रस्त्यावरचे दिवे बदलले — ती कामं ठेकेदारांची. माझ्याकडे कचरा. उघड्यावर काडीही जाळायची नाही, पालापाचोळा आणि पथारींवरचे देठ सगळे खतात गेले पाहिजेत. मी शाळाशाळांतून मुलांना हात पुढे करायला लावून शपथ दिली — “मी कचरा जाळणार नाही.” सफाई कामगारांनाही दिली. माझा आवाज चांगला आहे, आणि तेव्हा तो मला फारच आवडायचा.

लिलाबाई त्या कामगारांतल्याच. रोजंदारीवर, गावाबाहेरच्या खत डेपोवर. वयाने आईएवढ्या. त्या मला सांगत होत्या, “भाऊसाहेब, देठ असा नई सडावत. शेणकाला टाका, ढीग फिरवाले दोन माणसं द्या.” मी काय म्हणालो? “मावशी, आराखडा तयार आहे.” आराखडा खरंच तयार होता. छान टाइप केलेला. डेपोवर मात्र ढीग वाढत होता, आणि मी कार्यालयात बसून ‘सर्व कचऱ्याचे खत होत आहे’ असं भरून पाठवत होतो.

मग तपासणीचं पथक येणार असल्याचं पत्र आलं. पथक दुसऱ्याच दिवशी येणार होतं.

घंटागाड्या गावात गेल्या होत्या. लिलाबाई त्या सकाळी अजून आल्या नव्हत्या. मी डेपोवर एकटा — आणि तो ढीग, माझ्या डोक्याहून उंच. काडेपेटी मी येताना वाटेतल्या टपरीवरून घेतली होती. म्हणजे ऐनवेळी सुचलं असंही नाही. घेऊनच गेलो होतो. वाटलं, वाळका पाला आहे, तासाभरात राख होईल, वर माती टाकू.

पथारीवर राबणाऱ्या बाईचा मुलगा मी — आणि मला हे कळू नये? नजर काढायला चुलीत चार मिरच्या टाकल्या तरी घर खोकतं. इथे पाल्याखाली दोन महिन्यांचे ओलसर देठ होते. पाला भसकन जळला आणि देठ धुमसत राहिले. तो धूर गावात शिरला. शाळा सोडावी लागली. दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीच्या खिडक्या ओल्या चादरी लावून बंद केल्या. बसस्टँडवर माणसं डोळे पुसत एकमेकांना विचारत होती, “आख्खा गावनी नजर कोन्ही काढी रे भो?” लोक खोकत होते आणि हसतही होते. मीही हसलो त्यांच्यात.

मुख्याधिकारी मॅडमनी विचारलं, “कुणी लावली?”

आता इथे मला थांबावंसं वाटतंय. पण थांबून काय होणार? मी म्हणालो — “डेपोवर लिलाबाई तीन विटा मांडून चहा करतात.” एवढंच. आग त्यांनी लावली, असं मी म्हटलंच नाही. वाक्य खरं होतं. त्या खरंच चहा करायच्या, मीही प्यायचो. पुढचं मॅडमनी जोडलं, आणि अहवाल मला लिहायला सांगितला. मी लिहिला. ‘चुलीतील ठिणगीमुळे.’ खाली माझी सही.

लिलाबाईंना बोलावलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “आज मी चूल पेटाडीच नई.” कुणी ऐकलं नाही. त्यांचं काम गेलं. पन्नाशी उलटलेली बाई, गुजरातेत ऊस तोडायला गेली.

पावसाळ्यात त्या परत आल्या आणि मी मॅडमकडे शब्द टाकून त्यांना कामावर घेतलं. का? पश्चात्ताप झाला म्हणून? थोडा असेल. पण खरं सांगायचं तर डेपो माझ्याच्याने चालत नव्हता. नुसता कुजका वास.

तेव्हापासून त्यांनी मला शिकवलं. देठाचा थर, त्यावर ओला कचरा, त्यावर शेणकाला. आठवड्याने ढीग फिरवायचा. कोपरापर्यंत हात आत घालायला लावायच्या — “हात घाल, भाऊ, देख कसा तपेल शे. आते तो जित्ता शे.” हिवाळ्याच्या सकाळी त्या ढिगातून वाफ निघायची, नुसती वाफ, आणि मी तिच्याकडे पाहत उभा राहायचो. आज आमच्या गावात देठ जळत नाहीत. मिरचीवाले शेतकरी ट्रॉली घेऊन खताला येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी पालिकेचा सत्कार झाला, मंचावर मला बोलावलं, आई पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून बसली होती. माझ्या हातून जे काही बरं झालं, ते या बाईने माझ्या हाताला धरून करवून घेतलं. माझ्या पदवीवर जेवढे आईवडिलांचे उपकार, तेवढेच माझ्या कामावर लिलाबाईंचे.

आणि त्या काय सांगत फिरायच्या? “आमना साहेब देवमानूस शे. त्यास्नामुये मी परत उनू.” दर हंगामात घरी ज्वारीचे पापड आणून द्यायच्या. मी ते खाल्ले. आवडीने खाल्ले.

गेल्या महिन्यात डेपोवर मुकादमाची कायम जागा निघाली. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. पण आस्थापनेच्या लिपिकाने जुनी फाइल काढली आणि म्हणाला, “हिच्यावर तर आगीचा ठपका आहे. कायम कसं करणार?” माझ्याकडे पाहून पुढे म्हणाला, “तुमचाच अहवाल आहे, साहेब.”

सोमवारी मी मॅडमना लेखी दिलं. माझी चौकशी लागली आहे, लागायलाच हवी होती. लिलाबाईंवरचा ठपका काढायची टिप्पणी त्यांनी माझ्यासमोर लिहिली.

मग डेपोवर गेलो. लिलाबाई ढीग फिरवत होत्या. मी घरच्या बोलीतच सांगितलं, “मावशी, ती आग मी लायेल व्हती. तुमनं नाव मीच सांगं.”

मला वाटलं होतं, रडतील. शिव्या देतील. कुठेतरी असंही वाटलं होतं — लाज वाटते सांगायला — की जाऊ दे म्हणतील.

त्या फावड्यावर रेलल्या. मग म्हणाल्या, “माले वाटनं, भटूनी बिडीनी लागनी.”

भटू म्हणजे पालिकेच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. त्यांचा सख्खा दीर.

“तवपाशी मी त्यानासंगे बोलनू नई,” त्या म्हणाल्या. “त्यानी पोरनं लगीन व्हयनं. आख्खं गाव जेवाले गयं. मी गऊ नई.”

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं रोज त्यांच्याशेजारी उभा राहून मला माहीत नव्हतं.

त्यांनी फावडं माझ्या पायाशी टाकलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि फाटकाकडे निघाल्या. तिथे भटूआप्पा ट्रॉली रिकामी करत होते. दूरवरून दिसलं — आप्पांनी आधी तोंड फिरवलं, मग इंजिन बंद केलं.

ढीग अर्धा फिरवायचा राहिला होता. मी फावडं उचललं आणि तो पुरा केला.